मापावरची धार

कडूआत्यानं दूध मोजलं, पातेल्यात ओतलं, माप किटलीच्या काठावर ठोकलं आणि झाकण लावलं. मी पातेलं तसंच पुढं धरून उभी. अजून काहीतरी यायचं राहिलंय असं मला वाटत होतं की पातेल्याला, कोण जाणे. मापावरची धार आली नव्हती. तशी वरची धार सगळेच दूधवाले घालतात, दाखवायला, कावळ्याला घास टाकावा तेवढी. कडूआत्याची तशी नव्हे. ती माप पुन्हा किटलीत बुडवायची आणि दुसरंच काहीतरी बोलत, बघायचंसुद्धा नाही असं करत, अर्धं अधिक माझ्या पातेल्यात रितं करायची. लग्न होऊन नगरात आल्यावर मी एकदा म्हटलं होतं, आत्या, एवढं नको, तुमचं नुकसान होतं. तर म्हणाली, ‘लेकीला माप नस्तं, मने. माप परक्याला.’ ती माझी सख्खी आत्या नाही. आमच्या टाकळवेढ्यात माझ्या बापाच्या घराशेजारी तिचं घर, एवढंच नातं. पण गावातली लेक ती सगळ्या गावाची लेक, असा तिचा हिशोब. या दुष्काळात शेजारणींच्या दुधात पाणी वाढलं, कुणाचं दूध बंदच झालं, माझी धार बारीक झाली पण थांबली नव्हती. काल सकाळपर्यंत.

‘आत्या, म्हैस आटली का?’

‘न्हाई.’

‘मग?’

‘मग काय? माप बरूबर हाय न्हवं? शेजारनीला घातलं तसंच तुला घातलं. कमी असंल तर सांग.’

‘चहा टाकते, बसा.’

‘नगं. ऊन व्हतंय.’ तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, किटली चढवली आणि जिना उतरली. सकाळचे साडेसहा वाजत होते. ऊन कुठलं?

दूध तापत ठेवलं आणि मी त्याच्याकडे बघत बसले. मला कारण ठाऊक होतं. ठाऊक असलेलं कारण शोधत बसण्यात बाईमाणसाचा बराच वेळ जातो, तसा मीही घालवला. काल संध्याकाळी कुणी काही सांगितलं असेल? की माझ्याच तोंडून काही गेलं? काकासाहेबांनी सांगितलं असणार. नागापूरला नवे कारखाने आले, त्यांत नोकरीला लागलेल्या लोकांनी घरं बांधण्यासाठी सोसायटी काढली, तिचे हे काकासाहेब चेअरमन. त्यांना बोलताना स्वतःचा आवाज आवडतो. त्यात त्यांची चूक नाही, आवाज चांगला आहे. सोसायटीला सरकारनं जागा दिली ती टाकळवेढ्याचं गायरान. तीनशे बंगले, मध्ये बाग, शाळा, पाण्याची टाकी. आणि त्या तीनशेंत एक आमचा. आमचे हे कारखान्यात स्टोअरकीपर. आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं, नळ खाली, सात घरांत एक. पहाटे बादल्यांची रांग लागते आणि बायका एकमेकींची सात कुळं मोजतात. स्वतःचा नळ, हे माझं लग्नानंतरचं एकमेव मोठं स्वप्न, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही कारण ते स्वप्नासारखं दिसत नाही, नळासारखं दिसतं. पहिल्यांदा यांनी गायरानाचं नाव काढलं तेव्हा मला काय वाटलं होतं? आनंद झाला होता. तो लपवण्यात अर्थ नाही. माहेर उंबऱ्यावर येईल असं वाटलं. संध्याकाळी गुरं परत येताना घुंगरं ऐकू येतील, भाऊ जाता येता चहाला टेकेल, कडूआत्याला दुधासाठी एवढी पायपीट नको. गुरं कुठून परत येतील, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. गायरानावर घर बांधायचं आणि तिथं बसून गायरानातून येणाऱ्या गुरांची घुंगरं ऐकायची, इतकं साधं गणित चुकलं. दूध उतू गेलं. तेवढ्या दुधात उतू जाण्यासारखं होतं काय, पण गेलं.

गायरान आठवायला मला डोळे मिटावे लागत नाहीत, पायांना आठवतं. कुसळी नावाचं गवत तिथं उगवतं. त्याचे भाले परकराच्या काठाला चिकटून घरी यायचे आणि रात्री आई दिव्याशी बसून एकेक उपसायची, उपसताना बोलायची, ‘सगळं रान घेऊन येती भवानी.’ दुपारी गुरं निंबाखाली गोठणीला बसत. त्यांच्या रवंथ करण्याचा एक आवाज असतो, शंभर माणसं एकदम सुपारी चघळतायत असा. आम्ही पोरी शेण गोळा करायचो. ज्या पोरीनं पडलेल्या शेणावर आधी काडी रोवली तिचं ते शेण, असा कायदा. त्या कायद्यावरून झिंज्या उपटल्या गेल्यात पण कायदा मोडला नाही. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, लेकीनं माहेरच्या शिवेत चूल मांडू नये, दोन्हीकडचा धूर डोळ्यात जातो. मी हसले होते, मला नगरात दिली होती, शिवेचा काय संबंध. परवा यांच्याबरोबर जागा बघायला गेले तर गवताची काडी नव्हती. जमीन अशी फुटलेली की भेगेत हात जाईल. काकासाहेब हात पसरून म्हणाले, ‘बघा वहिनी. ह्याला हे लोक गायरान म्हणतात. ह्यात गाय सोडा, टोळ चरेल का?’ सगळे हसले. मी घरी येऊन निऱ्या तपासल्या. एक कुसळ नव्हतं. मला माहीत आहे की कुसळाचं बी भेगेत निजतं आणि दोन पावसांनी उठतं. तरीही त्या स्वच्छ निऱ्यांकडे बघताना क्षणभर वाटलं, म्हणत असतील ते खरंच असेल. या एका क्षणाची मला अजून भीती वाटते.

आठ दिवसांवर आखिती होती, अक्षय्यतृतीया. आखितीला भूमिपूजन. आणि पूजेला कोण बसणार, तर आम्ही दोघं. तीनशे सभासदांत डॉक्टर होते, इंजिनिअर होते, काकासाहेब स्वतः होते. यांनी आनंदानं येऊन सांगितलं तेव्हा मी विचारलं, ‘आपणच का?’ हे म्हणाले, ‘मान आहे. घ्यायचा.’ मग रविवारी काकासाहेब घरी आले, चहाला फक्कड म्हणाले आणि बशी खाली ठेवून बोलले, ‘वहिनी, खेड्यातल्या माणसाला कायदा कळत नाही. लेक कळते. गावची लेक पाटावर बसलीय म्हटल्यावर कोण मायचा लाल आडवा येतो बघू. आणि नेसायचं तेवढं नऊवारी नेसा. आपलं माणूस दिसलं पाहिजे.’ ते गेल्यावर मी बशा विसळल्या. हे पलंगाच्या सुतळीनं फरशीवर मोजमाप करत होते. स्वयंपाकघर इथून इथपर्यंत, खिडकी पूर्वेला, तुझा नळ इथं. मी नळाचं कधी बोलले नव्हते. यांना कसं कळलं? माणूस इतकी वर्षं शेजारी झोपतो तेव्हा काही काही गोष्टी उशीतून कळत असतील. त्या सुतळीच्या नळाजवळ मी उभी राहिले आणि विचारलं, ‘गावकरी आडवे पडणार आहेत म्हणे. पडले तर?’

‘तू असल्यावर नाही पडणार. म्हणून तर—’ हे थांबले. सुतळी गुंडाळायला लागले. सुतळी गुंडाळायचं एवढ्यात काही कारण नव्हतं.

म्हणून तर. त्या दोन शब्दांवर मी उरलेले दिवस जेवले, झोपले, पाणी भरलं. उन्हाळ्यात उंबऱ्याशी ओलं पोतं अंथरतात, आतल्यांना धूळ लागू नये म्हणून. पोत्याचा मान असतो का? असेल. सगळे आधी त्यावरच पाय ठेवतात. यांचा राग येत नव्हता हीच अडचण होती. रात्री हे कुशीवर वळून म्हणायचे, ‘दहा मिनिटं बसायचं ग. मग जन्मभर आपलं.’ यांच्या आवाजात भीक होती आणि हक्कही, आणि बादल्यांच्या रांगेत उभं राहून घालवलेले माझे सगळे पहाटेचे तास होते. मी हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. कडूआत्या रोज येत होती, रोज माप बरोबर होतं. पातेलं पुढं करताना माझा हात आता धारेची वाट बघत नाही असं दाखवायला मी लगेच मागं घ्यायचे. तीही लगेच झाकण लावायची. आम्ही दोघी किती घाईत होतो.

आखितीच्या आदल्या दुपारी माझा थोरला भाऊ सहादेव आला. चाऱ्यासाठी नगरात आला होता, मोकळ्या हातानं चालला होता. वर आला नाही. खाली नळाच्या ओट्यावर बसला, मी तांब्या नेला तर पाणी प्याला. एवढं प्याला याचंच मला बरं वाटलं. थंडीत दुष्काळी काम निघालं तेव्हा दादा त्यावर मुकादम होता. सगळ्या गावानं, माझ्या पुष्पावती वहिनीनं, कडूआत्यानंसुद्धा खडी फोडली आणि नागापूरपासून गायरानापर्यंत रस्ता केला. दादानं साहेबाला विचारलं होतं, रस्ता जातो कुठं? साहेब म्हणाला, पुढं. गावाला वाटलं सरकारचं काम, पुढं म्हणजे पुढच्या गावाला जात असेल. तो गायरानाच्या मधोमध जाऊन थांबला. त्याच रस्त्यानं मग विटांच्या गाड्या आल्या.

‘मने,’ दादा तांब्याकडे बघत म्हणाला, ‘आखितीला येती म्हनं तू.’

‘कोण म्हणालं?’

‘तुमचा काकासायब येशीत हुबा राहून बोलला. म्हनला, तुमचीच लेक कुदळ मारनार हाय, आता बोला.’

‘मग तुम्ही काय बोललात?’

‘काय बोलनार? बायका हसल्या. लंकाबाई म्हनली, मारूंद्या, तिच्या हातात बळ न्हाई, गवरी थापली तर मोडायची तिची.’ दादाला हसू आलं, मला पण. मग दोघांचं एकदम थांबलं. ‘आमी आडवं पडनार हाय. पोलीस येत्याल. लंकाबाई म्हनती, उचलून न्हेलं तर बरंच, तितं भाकर तरी मिळंल. पोरीबाळी सुदिक येनार. रस्त्यावर रोलर हाय, ड्रायवर दारू पितो.’

‘दादा, मी येऊ नको का?’

नळाला थेंब आला होता, त्याखाली त्यानं बोट धरलं. ‘लेकीला येऊ नगं म्हनायला माझी जीभ न्हाई. यायाचं तर ये. कुठून येतीस ते बघ. येशीतून का जिपीतून.’ तो उठला. जिन्याकडे बघून म्हणाला, ‘दाजींना रामराम सांग.’ जाताना त्याच्या पायातल्या वहाणेचा अंगठा तुटलेला दिसला. तो तसाच पाय ओढत गेला. माझ्याकडे सुई-दोरा होता. दादा थांब, म्हणायला वेळ होता. मी तांब्या विसळत राहिले.

मी जीपमधूनच गेले. वेशीतून जायचं तर यांना सोडून एकटीनं पहाटे निघायला हवं होतं, आणि त्यासाठी लागतं ते धाडस मी नळाच्या रांगेत भांडून भांडून संपवलं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. आईचं नऊवारी नेसले होते. चुलीच्या धुराचा वास इतक्या वर्षांनीही त्यात होता, की मलाच येत होता? मांडीवर पूजेचं ताट. हळदीकुंकू, सुपाऱ्या, नारळ. जीप उडाली की नारळ माझ्या गुडघ्यावर आपटायचा. शेजारी हे, नवा शर्ट, कॉलर बोटानं सैल करत. पुढं काकासाहेब, हार हातात, ड्रायव्हरला वेळ विचारत. वहिनीनं फोडलेली खडी टायरखाली कडाकडा बोलत होती. प्रत्येक दगड कुणीतरी मांडीशी धरून, हातोडीनं, फुटलेल्या नखांनी. आणि मी त्यावरून गाडीनं. मागून पोलिसांची गाडी धूळ उडवत होती. लांब गायरानात मांडव दिसला, पताका, आणि त्याआधी, शिवेच्या दगडाशी, रस्ताभर लुगडी. पहिल्यांदा वाटलं वाळत घातलीत. मग ती हलली. बायका बसल्या होत्या. मागं पुरुष उभे, त्यांत दादा, मान खाली. रस्त्याच्या कडेला रोलर धडधडत होता.

‘आता उतरा वहिनी,’ काकासाहेब म्हणाले. ‘पुढं व्हा. तुम्हाला बघितलं की उठतील.’ माझ्या मांडीवरचं ताट यांनी घेतलं. मी उतरले. उन्हाची झळ तोंडावर आली आणि रोलरचा आवाज पोटात बसला. दोन्ही बाजूंची माणसं माझ्याकडे बघत होती आणि मधल्या मोकळ्या जागेत माझ्या पायांचा आवाज मला एकटीला येत होता. बायका मला बघून खरंच उठल्या. मागं काकासाहेब म्हणाले, ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’

पुष्पावती वहिनी पुढं आली. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. भाकर मिलोची, रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या परदेशी ज्वारीची. माझ्यावरून तुकडा ओवाळला, दोन्ही बाजूंना टाकला, पायांवर पाणी घातलं. लेक घरी आली की उंबऱ्यात करतात ते सगळं, शिवेच्या दगडाशी, पोलिसांसमोर. ‘आलीस?’ वहिनी म्हणाली. ‘आले,’ मी म्हणाले. पाणी इतकं थंड होतं की कुणाच्या तरी रांजणातलं शेवटचं असणार. माझं काळीज सैल झालं. मला वाटलं, झालं, आपलंसं केलं, आता काहीही चालेल. मी पुढं पाऊल टाकायला गेले.

‘थांब,’ वहिनी म्हणाली. ‘पदर पसर.’

तिनं मला कुंकू लावलं. लंकाबाईनं सूप पुढं केलं, त्यात मिलोच होता, तांदूळ कुठून आणणार. वहिनीनं ओंजळ भरली आणि माझ्या पदरात टाकली. एक ओंजळ टाकली तेव्हा मला कळलं नाही. दुसरी टाकली तेव्हा कळलं. ओटी येणाऱ्या लेकीची भरत नाहीत. निघणाऱ्या लेकीची भरतात. चार दिवस राहून, आईच्या हातचं खाऊन, शेजारपाजार फिरून झालं की शेवटच्या सकाळी ओटी भरायची आणि मग लेकीनं थांबायचं नसतं, मागं बघायचं नसतं, वाटेत कुणाच्या घरी पाय ठेवायचा नसतो. माझं माहेरपण भाकरतुकड्यापासून ओटीपर्यंत एवढंच होतं, शिवेच्या दगडापासून दोन पावलांवर, आणि ते संपलं होतं. कुणी मला जा म्हणालं नव्हतं. कुणी शिवी दिली नव्हती. सगळं रीतीप्रमाणं होतं. मी पदर घट्ट धरला.

बायका एकेक करून येत होत्या, ओंजळ टाकत होत्या. शेवटी कडूआत्या. तिनं ओंजळ भरली, बोटांनी वरचे दाणे सपाट केले, अगदी मापात, आणि पदरात घातली. मी डोळे खाली घातले. मग तिचा हात पुन्हा सुपात गेला. माझ्याकडे न बघता, लंकाबाईला ‘सूप नीट धर की ग, आंधळे,’ म्हणत तिनं अर्धी ओंजळ वर टाकली.

‘जा बाई आता,’ आत्या म्हणाली. ‘सुकानं नांद.’ आणि सगळ्या बायका होत्या तिथं परत खाली बसल्या.

‘छान झालं!’ काकासाहेबांचा आवाज मागून आला. ‘मान झाला, आता चला वहिनी, ती ओटी कमरेला खोचा आणि या. उठवतील पोलीस ह्यांना बाजूला. सगळे थांबलेत.’

ओटी कमरेला खोचता येते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जन्मभर खोचत आलेय. दोन बोटांचं काम आहे. मी पदराखाली दोन्ही हात धरून उभी राहिले. मिलोला तांदळाचं वजन नसतं म्हणतात. खोटं आहे. पाटावर बसून पाणी सोडायला, नारळ धरायला, कुदळीला हात लावायला माझ्याकडे तिसरा हात नव्हता.

हे जवळ आले, ताट धरून. हळू म्हणाले, ‘अगं. चल ना.’ यांच्या कपाळावर घाम होता. मला तो पुसावासा वाटला. तोही पुसता आला नाही.

‘भरल्या ओटीनं कुठं पाय ठेवायचा नसतो,’ मी म्हणाले. ‘सरळ घरी जायचं असतं.’

‘घरी? कुठल्या घरी?’

‘आपल्या. नळाच्या रांगेतल्या.’

‘आणि हे सगळं? इतक्या लोकांसमोर... अगं, आपलं घर जाईल. ऐकतेस का?’

ऐकत होते. पूर्वेची खिडकी, सुतळीनं मोजलेलं स्वयंपाकघर, त्यातला तो नळ, सगळं यांच्या आवाजात एकेक करून मोडत होतं आणि मला प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येत होता. मी यांच्या डोळ्यात बघितलं, तेवढ्यासाठी थांबले. मग वळले. जीपच्या बाजूनं गेले, पोलिसांच्या गाडीच्या बाजूनं गेले. एक हवालदार उगाचच बाजूला सरला, बाईच्या पदरात ओटी बघून सरतात तसा. मागं काकासाहेब कुणावर तरी ओरडत होते, रोलरचा आवाज एकदम मोठा झाला आणि मग बंद पडला, की बंद केला? बायकांत कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि हसलं, लंकाबाई असणार. आणि मग खडीवर पावलं वाजायला लागली, माझ्या मागं, थोड्या अंतरावर. पुरुषाची. यांची असतील. ताटातला नारळ घरंगळावा तसं काहीतरी वाजत होतं. किंवा मला बोलवायला धाडलेल्या ड्रायव्हरची असतील. वळून बघितलं असतं तर कळलं असतं. पण भरल्या ओटीनं मागं बघायचं नसतं, आणि नागापूर अजून लांब होतं.